कुत्रीचा पहिला माज: २१ दिवसांची राखण



पशुसखी म्हणून या रेडिओवर मी तुमच्याशी बहुतेक वेळा शेळ्या, कोंबड्या आणि गायी-म्हशींबद्दल बोलते. आज मात्र विषय आहे आपल्या सपरीत झोपणाऱ्या कुत्रीचा. तिला पहिल्यांदा माज येतो, ज्याला आता सगळेच ‘हीटवर आली’ म्हणतात, तेव्हा घरच्या बाईनं काय करायचं, हे आज आपण बघू.

आत्ताच का, तर पोळा झाला, तान्हा पोळा झाला, रोवणी आटोपली आणि भाद्रपद लागला. आपल्या गावठी कुत्र्यांचा हंगाम हाच. एरवी गल्लीत दोन कुत्री दिसत असतील, तर या दिवसांत एका दारासमोर आठ-दहा जमतात. रात्रभर भांडणं, केकाटणं. शाळेत जाणारी पोरं घाबरतात, म्हातारी माणसं काठी घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. आणि ज्या घरची कुत्री माजावर असते, त्या घरच्या बाईला शेजारी दहा वेळा टोमणा मारून जातात.

गाय माजावर आली की आपण चार माणसांत मोकळेपणानं बोलतो. रेतनासाठी डॉक्टरांना फोन लावायला सासूबाईही सांगतात आणि सूनही लावते. त्यात कुणाला लाज वाटत नाही, कारण गायीचं गाभण राहणं म्हणजे घरात दूध येणं. कुत्रीचं तेच बोलायचं झालं की मात्र पदर तोंडावर जातो. न बोलल्यामुळे माहिती मिळत नाही, आणि माहिती नसल्यामुळे दोन महिन्यांनी तणसीच्या ढिगात सहा पिल्लं सापडतात. म्हणून आज मी स्पष्ट बोलणार आहे. घरात पोरीबाळी ऐकत असतील तर ऐकू द्या. त्यांच्याही कामाचंच आहे.

आधी वय बघू. लहान आणि मध्यम चणीच्या कुत्रीला पहिला माज साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत येतो. आपल्या बहुतेक गावठी कुत्र्या यातच मोडतात. मोठ्या अंगाच्या जातीला उशीर लागतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा धनगरांकडचे उंच, सडपातळ कारवान कुत्रे असतात, त्यांच्यातल्या मादीला वर्ष उलटून जाऊ शकतं, कधी दीड वर्षही. पुढे बऱ्याच कुत्र्या सहा-सात महिन्यांनी माजावर येतात. गावठी कुत्री पुष्कळदा वर्षातून एकदाच येते, बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी. पण हा काही पक्का नेम नाही. म्हणून पिल्लू पाच महिन्यांचं झालं की लक्ष ठेवायला लागा.

लक्षणं सोपी आहेत. शेपटीखालची जागा सुजते. ती सारखी तिथे चाटत बसते. थोडं थोडं, जागोजागी मुतते. कधी चिडचिडी होते, कधी उगीच अंगाशी येते. जेवणात मन लागत नाही. मग फरशीवर, बाजेखाली, सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे थेंब दिसतात. काही कुत्र्या इतकी चाटून साफ ठेवतात की रक्त दिसतच नाही. म्हशीच्या मुक्या माजाबद्दल आपण बोललो होतो, तसाच मुका माज कुत्रीलाही असतो, आणि पहिल्या वेळी तो जास्त दिसतो. तेव्हा रक्त दिसलं नाही, पण गल्लीतले कुत्रे अचानक तुमच्याच दारात बसायला लागले, तर समजून घ्या. त्यांच्या नाकाला आपल्या डोळ्यांच्या आधी कळतं.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भाजी निवडत असाल तर हात थांबवून ऐका.

कुत्रीला रक्त आलं की आपण म्हणतो, तिला पाळी आली. मग आपल्या पाळीचा हिशेब तिला लावतो. आपल्याला गर्भ राहिला नाही की पाळी येते, चार-पाच दिवसांत थांबते आणि विषय संपतो. गायीचा हिशेबही आपल्याला माहीत आहे. गाय २१ दिवसांनी माजावर येते, माज एक दिवसही पुरता टिकत नाही. माज होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी कधी कधी तिच्या शेपटीला रक्त लागलेलं दिसतं. जाणती बाई ते बघून म्हणते, ‘माज होऊन गेला, आता भरवण्यात अर्थ नाही.’

म्हणजे आपला अनुभव सांगतो की रक्त हे शेवटचं लक्षण. कुत्रीचं याच्या उलट आहे. तिचं रक्त सुरुवातीला येतं. ती गाभण राहण्याचे दिवस रक्त कमी झाल्यावर सुरू होतात. साधारण नऊ-दहा दिवस लाल रक्त जातं. मग ते फिकट होतं, गुलाबीसर किंवा पिवळट पाण्यासारखं. आपल्याला वाटतं, सुटलो एकदाचे, आता मोकळी सोडा. नेमके त्याच दिवशी तिचे गाभण राहण्याचे दिवस आलेले असतात. गावात ज्या कुत्र्या ‘एवढं बांधून ठेवलं तरी गाभण राहिली’ असं म्हणतात, त्यातल्या पुष्कळ अशाच, रक्त थांबल्यावर सोडलेल्या असतात.

म्हणून दिवस मोजायचे. रक्ताचा पहिला थेंब दिसला, त्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. तिथून पुढचे तीन आठवडे असे असतात.

पहिल्या आठवड्यात रक्त लाल असतं, सूज घट्ट असते. कुत्रे मागे येतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. गुरगुरते, दात दाखवते, खाली बसून घेते.

दुसरा आठवडा धोक्याचा. साधारण नवव्या दिवसापासून रक्त फिकट व्हायला लागतं, सूज मऊ पडते. पाठीवर हात फिरवला तर ती उभी राहून शेपटी एका बाजूला करते. आता ती कुत्र्यांना हाकलत नाही, उलट स्वतः बाहेर जायला बघते. दाराला पंजे मारते, कुंपणाखाली उकरते. वर्षभर गरीब असलेली कुत्री या दिवसांत दोर कुरतडून जाते.

तिसऱ्या आठवड्यातही हे चालू राहतं आणि हळूहळू उतरतं. सूज पूर्ण गेली, पाणी जाणं थांबलं, ती पुन्हा कुत्र्यांवर भुंकायला लागली आणि कुत्रेही दारातून उठून गेले, तेव्हा माज संपला असं धरायचं. मोजून २१ दिवस झाले तरी वरून एक आठवडा सावधगिरीचा ठेवा. कारण हे दिवस प्रत्येकीचे सारखे नसतात, कुणाचे लवकर येतात, कुणाचे उशिरा.

पहिल्या माजात आणखी एक गंमत होते. कधी चार-सहा दिवस रक्त येतं आणि सगळं थांबतं. मग काही आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कोवळ्या वयात असं होऊ शकतं. तेव्हा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.

काही ताया विचारतात, दोन मिनिटं बाहेर गेली तर काय होतं? सगळं होतं. कुत्र्याचं बीज तिच्या अंगात पाच-सहा दिवसही जिवंत राहू शकतं. ते थांबून राहतं आणि तिची अंडी पिकली की गर्भ राहतो. एकाच वेताची पिल्लं वेगवेगळ्या बापांची असू शकतात, म्हणून काळं, तांबडं, ठिपक्यांचं असं एकत्र दिसतं. आणि घरात तिचाच भाऊ असेल तरी तो नात्याचा विचार करत नाही. त्याला तीन आठवडे नात्यातल्या कुणाकडे तरी ठेवा, किंवा दोघांमध्ये बंद दार ठेवा.

राखण कशी करायची, ते आता बघू.

पहिलं म्हणजे तिला घरात घ्या. इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. बऱ्याच घरांत रक्त दिसलं की तिला अंगणाबाहेर काढतात. विटाळ म्हणतात. देवघर आहे, स्वयंपाक आहे, हिला इथे नको. मैत्रिणींनो, ‘बाहेर बसण्याचे’ दिवस काय असतात ते आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. कुत्रीचं रक्त हे अंगाचं काम आहे, त्यात विटाळ कसला? आणि हिशेबानं बघितलं तरी, ज्या तीन आठवड्यांत तिला दाराच्या आत ठेवायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत आपण तिला बाहेर काढतो. मग दोन महिन्यांनी पिल्लं झाली की दोष तिलाच देतो.

घरात जागा नसेल तर कोठ्यात ठेवा, पण दार लावून. नुसता कूड आणि त्याला लावलेलं झापड पुरत नाही. कुत्रे कूड उकरून आत येतात. खालची फट विटा लावून बंद करा. सांदवाडीत मोकळं बांधू नका. साखळीनं बांधलेल्या कुत्रीला पळताही येत नाही, आणि चार कुत्रे एकदम आले तर ती जखमी होते. शेतातल्या खोपीत तर मुळीच ठेवू नका. कोका, नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत हे मला वेगळं सांगायला नको. रात्री भांडणाऱ्या कुत्र्यांच्या आवाजावर बिबट येतो, आणि बांधलेली कुत्री त्याला आयतीच सापडते.

दुसरं, बाहेर नेणं. दिवसातून दोन-तीन वेळा तिला बाहेर न्यावंच लागेल. पट्टा आणि साखळी लावून, मोठ्या माणसानं न्यायचं. लहान पोराच्या हातात साखळी देऊ नका. ती हिसका देऊन सुटली तर पोरगं पडतं, आणि मागे लागलेले कुत्रे पोरावर धावतात. कुत्रे जमतात त्या वेळा टाळा. भर दुपारी गल्ली शांत असते, तेव्हा न्या. हातात काठी ठेवा, पण ती मारायला नाही, जमिनीवर आपटायला. दाराशी ती मुतली असेल तर बादलीभर पाणी ओता. त्या वासावरच लांबून कुत्रे येतात.

तिसरं, स्वच्छता. जुन्या लुगड्याची घडी करून तिच्या खाली अंथरा. दोन-तीन घड्या करून ठेवा. एक धुवायची, एक वापरायची, ऊन मिळेल तशी वाळवायची. शहरात कुत्रीसाठी चड्डीसारखे डायपर मिळतात. आपल्याकडे लहान मुलाच्या जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडून आत फडकं ठेवता येतं. पण ते फरशी स्वच्छ राहावी म्हणून. चड्डी घातली म्हणजे कुत्रा लागत नाही, असं समजू नका. दिवसातून अनेकदा ती काढून जागा कोरडी ठेवा, नाही तर तिथे खाज आणि जखम होते. पुसायला साधं कोमट पाणी पुरे. डेटॉल, फिनेल, रॉकेल, काही लावायचं नाही. ती चाटते, ते पोटात जातं.

चौथं, खाणं-पिणं. पहिले काही दिवस ती कमी खाईल. घाबरू नका. भात, थोडं वरण, अंडं असं थोडं थोडं दोनदा द्या. स्वच्छ पाणी कायम ठेवा. रडली, ओरडली तर मारू नका. तिच्या अंगात जे चाललंय ते तिनं मागून घेतलेलं नाही.

आणि पाचवं, आपल्या घरची माणसं. या दिवसांत कुणाला कुत्रं चावलं किंवा नखानं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काही भरायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. डॉक्टर जितक्या तारखा देतील तितक्या सगळ्या पुऱ्या करायच्या, दोन सुया घेऊन थांबायचं नाही. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर उपाय नाही. आणि आपल्या कुत्रीला तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दरवर्षी एक, हे माज येण्याआधीच झालेलं असावं.

आता, एवढं करूनही कुत्रा लागलाच तर?

ही गोष्ट चौकात दिसते आणि पोरं दगड मारतात. मोठी माणसंही हसतात, उकळतं पाणी टाकतात. मैत्रिणींनो, ते दोघं एकमेकांना अडकतात कारण कुत्र्याचा अवयव आत फुगतो. तो उतरेपर्यंत त्यांना सुटताच येत नाही. बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटं लागतात. ओढलं, मारलं तर दोघांनाही आतून इजा होते, आणि गर्भ राहायचा तो राहतोच. म्हणून पोरांना दूर न्या, शांत राहा, त्यांना आपोआप सुटू द्या. मग कुत्रीला घरात घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाला भेटा. गर्भ नको असेल तर काय करता येईल, हे डॉक्टर तिचं वय आणि तब्येत बघून ठरवतील. कुणी सांगितलं म्हणून परस्पर सुई देऊ नका. माज थांबवण्याच्या, गर्भ पाडण्याच्या काही सुया अशा असतात की त्यांनी पुढे गर्भपिशवीत पू होण्याचा धोका वाढतो. आपल्या कुटुंब नियोजनाच्या गोळ्या, माला-डी वगैरे, तिला मुळीच देऊ नका. घरातली तापाची, अंगदुखीची गोळीही नको. माणसाची गोळी कुत्र्याला विष होऊ शकते.

गर्भ राहिला असेल तर साधारण ६३ दिवसांनी ती विते. शेळीचे पाच महिने, कुत्रीचे जेमतेम दोन. म्हणजे भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिकात विते. तेव्हा धान कापणी, चुरणे सुरू असतं, घरात कुणाला सवड नसते आणि थंडी पडायला लागलेली असते.

माज संपला तरी पुढचे दोन महिने डोळा ठेवायचा आहे. तीन गोष्टी सांगते.

एक, खोटं गाभणपण. कुत्रा लागलेला नसतानाही दोन महिन्यांच्या आत तिचे सड सुजतात, कधी दूधही येतं. ती खड्डा उकरते, चप्पल किंवा चिंधी पिल्लासारखी जपते. तीही फसलेली असते, सोंग करत नाही. सड पिळू नका, पिळलं की दूध वाढतं. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत उतरतं. सड गरम, कडक, लाल झाले तर दवाखाना.

दोन, गर्भपिशवीत पू. हे जास्त करून वय झालेल्या कुत्रीत होतं, पण तरुण कुत्रीतही होऊ शकतं. माज संपून साधारण एक-दोन महिन्यांनी ती खूप पाणी प्यायला लागते, खूप मुतते, ओकते, खात नाही, मलूल होते. खालून घाण वासाचा पू येतो. कधी तोंड बंद असल्यामुळे पू बाहेर येत नाही आणि पोट फुगतं, ते जास्त वाईट. यात उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. उशीर झाला तर ती मरते.

तीन, गाठ. मोकाट कुत्र्यांमध्ये एक कर्करोग असतो जो मिलनातून एकाकडून दुसऱ्याला लागतो. खालच्या जागी फुलकोबीसारखी लाल गाठ येते, त्यातून थेंब थेंब रक्त गळत राहतं. बायकांना वाटतं, हिचा माज संपतच नाही. महिना-दीड महिना रक्त जात असेल तर तो माज नव्हे. डॉक्टरांना दाखवा. यावर सुयांचा उपचार आहे, आठवड्याला एक अशा काही सुया लागतात आणि बऱ्याच कुत्र्या बऱ्या होतात.

हे सगळं दर वर्षी, दर माजाला करायचं का? नाही. त्यासाठी नसबंदीचं ऑपरेशन आहे. यात गर्भपिशवी आणि बीजकोष दोन्ही काढतात. मग माज नाही, पिल्लं नाहीत, पिशवीत पू होण्याची धास्ती नाही. लवकर केलं तर पुढे सडांच्या गाठी होण्याची शक्यताही कमी होते. ऑपरेशन पहिल्या माजाआधी, साधारण सहा महिन्यांच्या सुमारास करता येतं. मोठ्या जातीच्या कुत्रीला थोडं थांबायचं की नाही, ते डॉक्टर सांगतील. माज येऊन गेला असेल तर दोन-तीन महिने जाऊ द्यायचे. ऐन माजात त्या भागात रक्तपुरवठा जास्त असतो, म्हणून शक्यतो तेव्हा करत नाहीत.

‘एक वेत तरी होऊ द्यावं, नाही तर ती आजारी पडते,’ असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. यात तथ्य नाही. एक वेत झाल्यानं कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होतो असं नाही. ‘ऑपरेशन केलं की ती राखण करत नाही’ हेही खरं नाही. भुंकायची ती भुंकतेच. अंगानं मात्र थोडी भरते, म्हणून भात मोजून घालायचा.

ऑपरेशन कुठे करायचं? आधी आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, भंडारा, जो जवळ असेल तो. तिथे सोय नसली तर जिल्ह्याला कुठे आहे हे तेच सांगतील. नागपूरला सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्यात कुत्र्यांवर उपचार आणि शस्त्रक्रिया होतात. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. जाण्याआधी चौकशी करून वेळ घ्या. आजारी जनावरासाठी १९६२ हा सरकारी फोन नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

आणि जी कुत्री कुणाचीच नाही, गल्लीची आहे, तिचं काय? २०२३ साली केंद्र सरकारनं प्राणी जन्म नियंत्रण नियम आणले. त्यात लिहिलंय की पाळलेल्या कुत्र्याची लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. म्हणजे नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, हे काम त्यांच्याकडे मागता येतं. ग्रामसभेत आपण पाण्याचं बोलतो, रस्त्याचं बोलतो. आपल्या बचत गटातल्या दहा जणींनी मिळून एक अर्ज द्यावा, की आमच्या गावात कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून हवी. कुत्री पकडून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडणं हा उपाय नाही. त्या गावचीही आपल्याकडे येतात.

शेवटी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते.

पिल्लं झाली की काय होतं, ते आपण बघतो. नर पिल्लांना घरं मिळतात. ‘कुत्रा असेल तर द्या, कुत्री नको.’ का नको? ‘ती वितेल.’ मग उरलेल्या मादी पिल्लांना पोत्यात घालून बाजाराच्या दिवशी बाजारात, धाब्यामागे, नाहीतर वैनगंगेच्या काठाला सोडून येतात. डोळे जेमतेम उघडलेले असतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. २०१६ साली त्यांचं काम छापून आलं. वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली. म्हणजे शंभरातली एकोणीस. आणि जी मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मरणात माणसाचा हात होता, कुठे गाडीखाली येऊन, कुठे विष खाऊन, कुठे मार खाऊन. तो आकडा बंगालचा आहे, पण आपल्या रस्त्याच्या कडेला काय पडलेलं असतं ते सकाळी कामाला जाताना आपल्यालाही दिसतं.

मुलगी नको म्हणण्याचं दुःख आपण बायकांनी काही कमी ऐकलेलं नाही. कुत्रीलाही आपण तेच म्हणतो, आणि कारणही तेच देतो, की तिचा जन्म म्हणजे जबाबदारी. पण ही जबाबदारी किती आहे, ते आत्ताच आपण मोजलं. वर्षातले तीन आठवडे, एक बंद दार, दोन जुनी लुगडी आणि एकदा ऑपरेशन. एवढ्यासाठी पोत्यात भरून टाकावं असं त्यात काय आहे? मादी कुत्री घराला धरून राहते, राखण चांगली करते. तेव्हा पुढच्या वेळी पिल्लू घ्यायचं झालं तर मादी घ्या, आणि घेतानाच तिच्या ऑपरेशनचा विचार करून घ्या.

जाता जाता पुन्हा एकदा सांगते, कारण रेडिओवर ऐकलेलं मागे फिरवून ऐकता येत नाही. रक्ताचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा. रक्त फिकं झालं की जास्त जपा, सोडू नका. तीन आठवडे दाराच्या आत आणि वर एक आठवडा सावध. सुई, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. माज संपल्यावर दोन महिने तिच्या पाणी पिण्यावर आणि पोटावर नजर. आणि मग ऑपरेशनची तारीख.

ज्या घरी रेडिओ नाही, त्या शेजारणीला विहिरीवर, नाहीतर धान कापताना हे सांगा. लाजू नका. गायीचं सांगतो तसंच सांगायचं.